फुगवलेले गाल

मी टंपेट बोलून राह्यलो. वरातीत सगळ्याइच्या पुढं वरडते ना, तोच. शुद्ध बोलनं मले जमत नाई. शाळेत मी गेलो तो फक्त पंधरा ऑगस्टले, तेबी झेंड्याखाली वाजवाले. बाकी सारी उमर लोकाइच्या लगनात गेली. तवा जसं येईन तसं सांगतो, तुमी आयका. नाई आयकलं तरी चालते. वरातीत तरी कोन आयकते, सारे नाचतेच.

माह्या जनम तिकडं मेरठचा. तिथं म्हने गल्लीच्या गल्ली आमचंच काम करते. एकानं पत्रा वाकवला, दुसऱ्यानं डाग देल्ला, तिसऱ्यानं तीन बटनं बसवली अन् चौथ्यानं फुकून पाह्यलं. त्या चौथ्यानं त्या दिवशी कच्चा कांदा खाल्ला होता. माह्या पहिला दम कांद्याचा. जनमल्या जनमल्या ज्याच्या पोटात कांद्याची हवा गेली, तो कायचा गोड बोलते?

मंग नागपूरच्या दुकानात काचेमांगं लटकलो. तिथून मले देवसिंगनं आनलं. देवसिंग राळेगावजवयच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पंजे बैलाइवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरत. आता याइची सोताची शेती हाय, घर हाय, पन पायाइले फिराची सवय लागली ते लागलीच. म्हनून यानं बँड पार्टी काढली. मोठा ढोल सोता घेतला अन् त्यावर पार्टीचं नाव झोकात रंगवून आनलं. उन्हानं नाव उडून गेलं, आता खाली नुसतं 'पार्टी' राह्यलं. लोकाइले तेवढंच पुरते.

अन् मले देल्लं श्रावणच्या हातात.

श्रावण गावच्या विहारामांगं राहाते. तवा पोरगाच होता. पहिल्या दिवशी त्यानं मले तोंडाले लावलं तं म्हशीचं पारडू वरडल्यावानी आवाज निंघाला. शेजारची बाई खरंच पारडू पाहाले आली. देवसिंगनं त्याले सांगितलं, बाबू, तू नाल्यावर जाऊन शिक, गावात कोनी आपल्याले काम देनार नाई. श्रावण रोज नाल्यावर जाये. बगळे उडून जाये, म्हशी कान हलवे. पन एक गोष्ट मले लवकरच समजली. याची छाती म्हनजे लोहाराचा भाता. एकदा भरली का सरतच नाई.

तेच झालं. वरात वेशीपासून मांडवापर्यंत जाये तवरी तो मले तोंडापासून खाली घेत नसे. बायको आली तिचं नाव नलू. ते मले सवत म्हने. म्हने, सारा दम हिच्यात घालून येते अन् घरी आला का बोलाले दम नाई. मले सवत म्हने, पन दिवाळीले चिंच लावून घासेबी तेच. अशी घासे का बाप्पा, माह्या अंगावरचा मेरठचा छाप तिनंच मिटवला.

लोकाइच्या गमती मी जवळून पाह्यल्या. नवरदेव घोड्यावर बसला का त्याले वाटते आपन राजा झालो, अन् घोड्याले वाटते हा कवा उतरन. परतेक वरातीत एक तरी जन असा असते का ज्याले नाग व्हाचं असते. रुमाल दातात धरते अन् रस्त्यावर लोटांगन घेते. असाच एक नाग माह्या अंगावर पडला होता. कानाजवयचा हा पोचा त्याचाच. दुसऱ्या दिवशी तो नाग बँकेत काउंटरवर बसलेला दिसला. ओयखबी देल्ली नाई त्यानं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तुमाले ठाऊक नसन.

बँड ठरवाले मानूस येते तवा तो पहिले इचारते, कोट किती? म्हनजे लाल कोट घालून किती मानसं चालनार. वाजवनाऱ्याइचा भरना कमी पडला तं मालक काय करन? रिकामी मानसं आनते, त्याइले कोट घालते, हातात मोडका वाजा देते अन् म्हनते, फक्त गाल फुगवा. म्हनून पुढच्या रांगेत वाजवनारे चालते अन् मांगच्या रांगेत फुगवनारे. लायटीच्या झगमगाटात कोनाले काय समजते. श्रावणनं त्याइचं नाव ठेवलं होतं गालफुगवे.

आमचा मोठा गालफुगवा म्हनजे भारत. तोबी तांड्यावरचा, देवसिंगच्या दूरच्या नात्यातला. कापसाच्या दिवसात जिनिंगवर गाठी उचलते अन् लगनाच्या दिवसात आमच्या मांगं चालते. त्याच्या हातात एक काळं क्लॅरनेट. त्यातली पत्ती कवाच तुटली. सूर निंघाची सोयच नाई. पन गडी असे गाल फुगवे, असे डोये मिटे, का म्हातारे लोकं त्याच्याच जवय येऊन मान डोलवत.

श्रावण मोठा वांड. ऐन रंगात आला का भुवई उडवे. ते इशारत होती. सारे वाजवनारे एकदम थांबत. ढोल बंद, मी बंद, सारं सुन्न. अन् मांगं भारत एकटाच डोये मिटून, गाल फुगवून, डोलून राह्यलेला. अशी खसखस पिके का नवरदेव घोड्यावरून हसे. भारत डोये उघडे, इकडं-तिकडं पाहे अन् तोबी हसे. दरवेळी फसे. मले वाटे, काय भोळा मानूस हाय.

मंग ते साल आलं. पाडव्याच्या वक्ती सारं बंद झालं.

लगनाचा सीझन तोंडावर होता. कोट धुवून इस्त्री केलेले, मी चिंचेनं घासलेला. अन् लोकं एकेक करून लगनं पुढं ढकलू लागले. ज्याइनं ढकललं नाई त्याइनं घरच्या घरी हार घातले. नवरदेव मोटरसायकलवर गेला अन् नवरीले मांगं बसवून आला. घोडेवाला बसला, मांडववाला बसला, आमी तं बसलोच.

त्यातबी एक काम आलं. सरपंचबाईच्या डोक्यात आलं का लोकं आयकत नाई, बाह्यर फिरते, तं बँडवाल्याइच्या हातून दवंडी देऊ. देवसिंगनं ढोल गयात अडकवला. श्रावणले मास्क लावनं आलं, पन मास्क लावून फुकाचं कसं? नलूनं कात्री घेतली अन् मास्कले मधोमध गोल भोक पाडलं. त्यातून माह्या माऊथपीस बरोब्बर आत गेला. असा कायदा सांभाळून आमी निंघालो. ढोल वाजला, मी एक लांब सूर मारला, अन् देवसिंग वरडला का घरात बसा, बाह्यर निंघू नका.

झालं. चार गल्ल्याइतले लोकं धावत बाह्यर. कोनाची वरात, कोनाची वरात. पोट्टे नाचाले लागले. दोन म्हाताऱ्याइनं फुगडी धरली. पंधरा-वीस दिवस घरात कोंडलेलं गाव, त्याले ढोल आयकू आल्यावर कोन आत थांबन? जमादार आला तवा गर्दीच्या मधात श्रावण उभा, मास्कच्या भोकातून मी निंघालेलो. जमादारानं डोक्याले हात लावला. म्हने, तुमी घरी जा रे बाबा, तुमी घरी गेले का हे जातीन.

हसलो आमी त्या दिवशी. त्या सालात तेवढंच.

मंग चौदा एप्रिल आली. दरसाली आमी विहारापासून निंघत असो, अख्खी वस्ती मांगं. त्या साली ज्याचा-त्याचा उंबरठा. श्रावणनं पांढरा सदरा घातला, वरून लाल कोट घातला अन् दारात उभा राह्यला. समोरच्या दारात, बाजूच्या दारात बाया-मानसं पांढऱ्या कपड्यात उभी. मेनबत्त्या लागलेल्या. श्रावणनं छाती भरली अन् मले वाजवलं. सुरवातीचा सूर त्यानं एका दमात इतका लांब ओढला का नलू दारातून म्हने, आता पुरे, कोसळशीन. तो कोसळला नाई. मलेच भोवळ आली.

भरल्या छातीचा तो शेवटचा सूर होता. तवा कोनाले ठाऊक?

त्यानंतर मी खिळ्यावर. खाली धान्याची कोठी, बाजूले कोट, वरून पाल. श्रावण सकायी सायकल काढे अन् सोयाबीन सोंगाले जाये, मंग कापूस येचाले. सांजच्याले येये तं हात बोंडाइनं फाटलेले. माह्याकडं पाहे, पन हात लावत नसे. एकदा नलूनं म्हटलं, वाजवा ना जरासक. तो म्हने, कोनासाठी?

देवसिंगनं बकऱ्या ठेवल्या. भारत गाठी उचले. श्रावणचा भाचा विक्की, जो आमच्या हातगाडीवर बसून कॅसिओ वाजवे, तो घरी बसून मोबाइलवर बोटं फिरवे. त्याच्या कॅसिओत एक बटन हाय. ते दाबलं का माह्या आवाज निंघते. पहिल्यांदा आयकला तवा मले वाटलं माह्या कोनी भाऊ आला. मंग समजलं, याले ना पोट, ना छाती, थुकीबी नाई. मी त्याच्याशी बोलनंच सोडलं.

माह्या तोंडात एका कुंभारनीनं घर केलं. कुंभारीन म्हनजे ते काये किडे नाई का, मातीचं घर बांधते, ते. चिखलाचा एकेक गोया आने अन् आत लावे. मी काय म्हननार? रिकामं घर पाह्यलं का भाडेकरू येतेच.

दुसरा उन्हाया आला अन् श्रावणले ताप आला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाता येईना. ज्याची छाती वरात संपली तरी सरत नसे, तो मोरीच्या वाटेवर भिंत धरून उभा. विक्कीनं गाडी आनली अन् यवतमायच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नलूले आत जाऊ देल्लं नाई. ते घरी आली अन् फोन मांडीवर घेऊन बसून राह्यली.

त्या दिवसाइतली एक दुपार मले आठवते. घरात कोनी नव्हतं. नलू उठली, खिळ्यापाशी आली अन् माह्याकडं पाहून म्हने, "तुले इतका दम देल्ला त्यानं. आता जरासक वापस दे."

मी कुठून देनार? माह्यात कुंभारनीचं घर.

तिनं मले काढलं नाई, घासलं नाई. कपाय माह्या थंड अंगाले टेकवलं, मंग कोठीवरचं झाकन उगीचच पुसलं अन् चूल पेटवाले गेली.

श्रावण आला. जगला, हेच पुष्कय. कोट त्याच्या अंगावर धरला असता तं आत अजून एक श्रावण मावला असता. डाक्टरनं त्याले एक खेयनं देल्लं होतं. प्लास्टिकचं, आत तीन रंगीत चेंडू. त्यात फुकाचं नाई, उलटं ओढाचं. जनमभर फुकनाऱ्याले ओढाले लावलं. दम चांगला असला का तिन्ही चेंडू वर जाते म्हने. श्रावणचा एकच जाये, तोबी अर्ध्यातून परत. रोज सकाय-सांज तो खाटेवर बसून ते प्लास्टिक तोंडात धरे अन् मी खिळ्यावरून पाहे. खोटं कायले बोलू, माह्या जीव जळे. माह्या मानूस, अन् त्या खेयन्याच्या तोंडाले तोंड.

बंदी उठली. लोकं दोन सालाचे भुकेले, लगनाइची नुसती झोड उठली. देवसिंग एक दिवस घरी आला. अंगनात बसला, चहा घेतला. त्यानं सांगितलं का तारखा येऊन राह्यल्या, पन डीजेवालेबी दारोदार फिरून राह्यले. मंग श्रावणच्या गुडघ्यावर हात ठेवून, भावाले बोलवावं तसं म्हने, "भिया, आपल्या पार्टीत खरं वाजते म्हनून लोकं येते. पुढच्या रांगेत खोटं नाई पाहिजे. तू हायेस, मले चिंता नाई."

श्रावणनं मान डोलवली अन् हव म्हनला.

देवसिंग गेल्यावर त्यानं मले खिळ्यावरून काढलं. काडीनं कुंभारनीचं घर हयूहयू मोकयं केलं. ते कवाच उडून गेली होती. मंग मले घेऊन तो नाल्यावर गेला, जिथं पहिल्यांदा शिकला होता तिथं. छाती भरली. म्हनजे भराले गेला, ते अर्ध्यात अडली. फुकलं. माह्यातून निंघाली नुसती हवा. सूर नाई, नुसता फुसकारा. परत फुकलं. खोकला आला तं खालीच बसला. बगळे जागचे हलले नाई. त्या दिवशी मले बगळ्याइचा राग आला.

घरी नलूनं समजावलं का देवसिंगभाऊले सांगून टाका, तो काही परका नाई. श्रावण म्हने, सांगतो. पन त्यानं सांगितलं नाई. त्याले दुसरी रांग दिसे. ज्या रांगेले त्यानंच नाव ठेवलं होतं, ते रांग.

विक्कीनं ओयखलं. पोरगा एक दिवस येऊन बसला, माह्याकडं पाह्यलं, मामाकडं पाह्यलं अन् खालच्या आवाजात म्हने, "मामा, तुमी पुढं उभे राहा अन् गाल फुगवा. तुमचा सूर मी कॅसिओवर वाजवतो. जनरेटरच्या आवाजात कोनाले समजत नाई."

श्रावणनं मले पालथं-उलथं केलं अन् म्हने, बटनं तं मीच दाबीन. विक्की म्हने, हो मामा, बटनं तुमीच दाबा.

अशानं माह्या मानूस गालफुगवा झाला. तोबी पुढच्या रांगेत.

लाल कोट घालून तो पुढं उभा. गाल फुगवलेले, बोटं बटनाइवर बरोबर पडून राह्यली, अन् माह्या आवाज मांगं गाडीवरच्या भोंग्यातून येऊन राह्यला. मी त्याच्या तोंडाले लागलेलो, आतून कोरडा. पहिले वरात संपली का माह्यातून थुकीचं पानी झटकावं लागे. आता थेंब नाई. लोकं नाचत, नाग लोयत, नवरदेव फोटो काढत. कोनालेच समजलं नाई. मले याचंबी वाईट वाटलं, का इतकी वर्सं मी खरा वाजलो तवा याइनं आयकलं काय होतं?

एकाले समजलं. भारतले.

पहिल्याच वरातीत, चहाले थांबलो होतो तवा तो श्रावणजवय आला. इकडं-तिकडं पाह्यलं अन् कपात फुकर मारत म्हने, "दादा, खांदे जरासक उचलत जा. खरं फुकते त्याची मानेची शीर फुगते. तुमची फुगून नाई राह्यली. खांदे उचलले का शीर झाकते."

श्रावण त्याच्याकडं पाहतच राह्यला. भारतनं चहा पेला अन् मांगं आपल्या रांगेत जाऊन उभा राह्यला. श्रावणनं पुढच्या गल्लीपासून खांदे उचलले.

असा सारा सीझन गेला. मी थकलो. वाजून थकाची मले सवय होती. न वाजता थकनं पहिल्यांदाच. श्रावण घरी येये तं गाल दुखत. नलू मिठाच्या पान्यानं शेके. प्लास्टिकचं खेयनं मात्र तो रोज तोंडाले लावे. एक चेंडू पुरा वर जाये. दुसरा हाले.

मंग ते वरात आली.

राळेगावच्या पलीकडचं गाव. पोरीवाल्याइचा मांडव समोर दिसून राह्यला होता. बाया ओवायाले ताट घेऊन उभ्या. वरात अशा जागी सगळ्यात जास्त नाचते. श्रावण पुढं, गाल टम्म फुगवलेले, खांदे वर, डोये मिटलेले. भोंग्यातून माह्या आवाज असा चढून राह्यला होता का मलेच माह्या हेवा वाटला.

अन् गाडीवरचं जनरेटर खोकललं. एकदा, दोनदा. बंद पडलं.

लायटी गेल्या. भोंगा गेला. कॅसिओ मेला. देवसिंग दचकला, त्याचा हात ढोलावर थांबला. मांडवातले बल तेवढे लागलेले, अन् त्याइचा उजेड सरळ श्रावणच्या तोंडावर. गाल फुगवलेले, बोटं बटनाइवर, सूर नाई. जशी तो दुसऱ्याची फजिती करे ना, हुबेहूब तशीच त्याची झाली. त्यानं डोये उघडले. समोर अख्खी वरात त्याच्याकडं मान वयवून राह्यली होती. देवसिंगबी.

त्याले माह्यावरून तोंड काढताबी येईना अन् ठेवताबी येईना.

तेवढ्यात मांगून भारत आला. डोये मिटलेले, गाल हे एवढाले, ते मोडकं क्लॅरनेट आभायाकडं करून डोलत डोलत तो सरळ रांग फोडून पुढं आला. श्रावणच्या अन् लोकाइच्या मधात उभा राह्यला. जसं त्याले मालूमच नाई का सारं बंद पडलं. कंबर हलवून राह्यला, पाय आपटून राह्यला, अन् आवाज नाई. कोनीतरी फिसकन हसलं. मंग सारी वरात हसली. ताट घेऊन उभ्या बाया हसल्या, नवरदेव घोड्यावर वाकून हसला. सारे डोये भारतवर. श्रावणकडं कोनी पाहात नव्हतं.

तवा मले समजलं का हा मानूस एकदाबी फसला नव्हता. दरवेळी डोये मिटून त्याले ठाऊक असे.

श्रावणले तिथंच गुपचूप खाली मान घालता आली असती. त्याची लाज झाकली गेली होती. पन त्यानं मले खाली घेतलं नाई. चार पावलं चालला, भारतच्या खांद्याले खांदा लावून उभा राह्यला अन् त्याच्यावानीच गाल फुगवून डोलाले लागला. दोघं जन, दोन मुके वाजे. लोकाइले वाटलं हा खेयच हाय. शिट्ट्या वाजल्या. देवसिंग त्या दोघाइकडं पाहात होता. त्यानं सारं पाह्यलं, शीरबी पाह्यली असन. मंग त्यानं ढोलावर काडी मारली. नुसता ढोल. त्यावर वरात परत नाचाले लागली.

त्या ढोलाखाली श्रावणनं माह्यात हवा सोडली. दाखवाले नाई, कोनाले आयकवाले नाई. जेवढी होती तेवढी. माह्या आत कुठंतरी कुंभारनीची माती राह्यली असन, ते सुटली. अन् एक सूर निंघाला. बारीक, फाटका, पारड्याच्या आवाजाचा. पहिल्या दिवशीसारखा.

भारतनं क्लॅरनेट तोंडातून न काढता म्हटलं, "निंघाला बे."

वरात पोचली, लोकं जेवाले बसले. आमी गाडीपाशी. विक्की जनरेटरले लाथा मारत होता. देवसिंग ढोल उतरवून श्रावणपुढं आला. कवापासून, इतकंच त्यानं इचारलं. श्रावण म्हने, दवाखान्यातून आल्यापासून.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू मले मांगं पाठवलं असतं."

देवसिंगनं कोटाची गुंडी सोडली, परत लावली. म्हने, "मी कुठी पाठवलं बे. आज तूच आपल्या पायानं भारतच्या बाजूले गेला."

मंग तिघं-चौघं पंगतीत जाऊन बसले. श्रावण अन् भारत एका पत्रावयीच्या अंतरानं. दोघाइचे गाल दुखत होते, वरन-पोयी चाबता येईना. एकमेकाकडं पाहून हसले. तेबी दुखलं.

आता मी मांगच्या रांगेत असतो. श्रावणनं सोताच जागा बदलली, देवसिंगनं दोनदा पुढं बोलावलं तरी गेला नाई. पुढं आता विक्कीचा कॅसिओ हाय अन् जनरेटर नवं हाय. पन देवसिंगनं एक सोय केली. गानं संपाले आलं का तो हात वर करते. सारं थांबते. ढोल, कॅसिओ, सारं. जशी श्रावण पहिले इशारत करे तशीच. त्या सुन्नात श्रावण एक सूर मारते. एकच, आखूड. तेवढीच हवा हाय. लोकाइले वाटते ही या पार्टीची ढब हाय. ढब तं ढब.

माह्यात आता थुकीचे दोन-चार थेंब जमते. वरात संपली का श्रावण मले उलटं करून झटकते. नलू अजून सवतच म्हनते अन् चिंचबी तेच लावते. खेयन्यातला दुसरा चेंडू कवाकवा वर जाते. तिसऱ्याचं मी आता पाहात नाई, जाईन तवा जाईन. मीबी म्हातारा झालो, बटनं अडकते, पोचे वाढले. खिळ्यावर टांगलं का झोप लागते.

जाता जाता एक मांगनं. तुमच्या घरच्या वरातीत मांगच्या रांगेत कोनी गाल फुगवून चालत असन, तं त्याच्या वाज्याले कान नोका लावू. फुगवू द्या. काय माहीत, त्याची हवा कुठं गेली, अन् कवा वापस येईन. तुमी आपले नाचा. नाग व्हाचं तं नाग व्हा, फक्त माह्यावर नोका पडू.

अन् हसू आलंच, तं भारतले हसा. त्याले सवय हाय.